विमलाबाईचा आवाज

विमलाबाई रामटेके आमच्या गल्लीत शिरली की आधी तिचा आवाज यायचा, मग ती. हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही. गुपित सांगायला म्हणून माझ्या कानाशी लागायची आणि ते गुपित तळ्याच्या पाळीवर कपडे धुणाऱ्या बायांपर्यंत पोचायचं. ‘तुह्या गळ्यात भोंगा बसवला काय वो देवानं?’ असं मी म्हटलं की ती म्हणायची, ‘देवानं नाही, माह्या मायनं,’ आणि आणखी मोठ्यानं हसायची. आता ती इतकं हळू बोलते की मला कधी कधी दोनदा विचारावं लागतं. तिचा तो जुना मोकळा आवाज मात्र गावातल्या घराघरांत रोज दिवेलागणीला बोलतो. हे कसं घडलं ते मला सांगायचं आहे. सांगताना माझा पारा चढेल, तो चढू द्या.

आमचं बोरटोली एकोडीच्या पुढे, मोठ्या तळ्याच्या खाली. तळ्याच्या पाण्यावर धान होतं आणि धानावर गाव जगतं. विमलाबाई इथली आशा, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका, आणि मी उषा, अंगणवाडीची सेविका. बाळ पोटात असल्यापासून तिनं पाहायचं आणि चालायला लागलं की मी सांभाळायचं, अशी आमची वाटणी. गावातलं एकही घर तिच्या पायाखालून सुटलेलं नव्हतं. तिच्या घरात बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची मूर्ती आणि भाबडेपणाला अजिबात थारा नाही. अंगारा, उतारा, लिंबू-मिरची हे शब्द काढले की ती बोलणाऱ्याला असं फैलावर घ्यायची की तो माणूस पुन्हा तिच्या वाटेला जायचा नाही.

एका गोष्टीवरून मात्र आमचं कायम वाजायचं. आमच्याकडच्या शेतकरी घरांत सापाचं नाव घेत नाहीत. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावतात तेव्हा, कोणाला काही डसलं तर ‘पान लागलं’ असं म्हणायचं. ज्याला लागलं त्याच्यासमोर खरं नाव घेतलं तर विष चढतं, अशी समजूत आहे. मी बारावी शिकलेली बाई, चार पुस्तकं वाचलेली, तरी माझीही जीभ वळत नाही. विमलाबाई हसायची. ‘लय पावरवाला आहे वो तुमचा साप! नाव घेतलं की हजर! आपल्या डाक्टरले असं बोलावता आलं असतं त किती बरं होतं!’ मी कानांवर हात ठेवायचे आणि ती मुद्दाम आणखी दोनदा म्हणायची.

डॉक्टरवरून ती अशी बोलायची त्यालाही कारण होतं. तिचा नवरा डोमा तापानं गेला. एकानं टायफॉइड सांगितला, दुसऱ्यानं मलेरिया, तिसऱ्यानं नुसतीच सलाइन लावली. शेवटी नागपूरला नेलं तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरनं त्याचा हात वर करून काखेतली काळी खपली पाहिली. झुडपातला बारीक किडा चावून येणारा ताप होता तो, स्क्रब टायफस. साध्या गोळ्यांनी बरा होणारा. पण तोवर उशीर झाला होता. ‘इतक्या डाक्टरायनं पाह्यलं, उषा,’ ती म्हणायची, ‘पण कोणी हात वर कर म्हणून नाही म्हटलं.’

म्हणून दोन वर्षांपूर्वी ते मोबाईलमधलं यंत्र आलं तेव्हा बाकीच्या आशांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि ही एकटी पुढे बसली. लाखनीला ट्रेनिंग होतं. फोनमध्ये एक बाई बोलायची, पुण्याकडची असावी अशी, फार सुरेख आणि फार थंड. आपण रोग्याची लक्षणं सांगायची, ती प्रश्न विचारायची, खोकला ऐकायची, पापणीचा फोटो घ्यायची आणि शेवटी रंग सांगायची. हिरवा म्हणजे घरी आराम. पिवळा म्हणजे उद्या दवाखान्यात. लाल म्हणजे गाडी आपोआप निघाली. करून बघा, असं साहेबांनी म्हटल्यावर इतर बायांनी सर्दी सांगितली, गुडघे सांगितले. विमलाबाईनं डोमाचा ताप सांगितला. फोनमधल्या बाईनं विचारलं, ‘रुग्णाच्या काखेत, जांघेत किंवा मानेवर काळी खपली आहे का? होय किंवा नाही सांगा.’ विमलाबाई ‘होय’ म्हणाली. लाल रंग आला. ती उठून बाहेर आली आणि हायवेच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत, पायरीवर बसून राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, ‘त्यानं पुसलं वो. कोणीच नाही पुसलं, त्यानं पुसलं.’

त्या दिवसापासून ती त्या फोनची झाली. खोटं कशाला बोलू, फोननंही तिला तोंडघशी पाडलं नाही. शकुबाईचा खोकला सगळ्यांनी तंबाखूवर ढकलला होता, त्यात फोनला क्षय ऐकू आला आणि तो निघाला. एका सुनेचं रक्त इतकं कमी निघालं की बाळंतपणात ती हातची गेली असती. ग्रामसभेत विमलाबाई उभी राहून सांगायची, ‘मी चुकन, डाक्टर चुकन, हा नाही चुकत. मशीननं हिरवा देल्ला की घाबरायचं नाही अन् लाल देल्ला की थांबायचं नाही.’ लोकांनी ते पाठ केलं. गाडीसाठी फोन लावला तरी पलीकडून पहिला प्रश्न येऊ लागला, ‘रंग कोणता?’ रंग नसेल तर गाडी नाही. मला तेव्हाच ते खटकलं होतं. रोगी विव्हळतोय आणि आपण रंगाची वाट बघतोय, हे मला कधी बरोबर वाटलं नाही. पण बोलायची सोय नव्हती, कारण समोर शकुबाई धडधाकट फिरत होती.

मागच्या रोवणीत अंजू घरी आली होती. गोदावरीबाई आणि लक्ष्मणराव यांची एकुलती एक पोर, भंडाऱ्याला कॉलेजात शिकणारी. लहानपणी माझ्याच अंगणवाडीत होती. खिचडीतले वाटाणे वेचून खायची आणि भात शेजारच्या पोराच्या ताटात सरकवायची. त्यांचं घर अंगणवाडीच्या भिंतीला भिंत लावून. त्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडत होते तेव्हा गोदावरीबाईंनी हाक मारली. अंजू रात्री खाली सतरंजीवर झोपली होती, उठल्यापासून पोट दुखत होतं, एकदा उलटीही झाली होती. विमलाबाई आधीच येऊन बसली होती.

गोदावरीबाई माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाल्या, ‘पान त नसन लागलं वो बाई? भिंतीच्या कोपऱ्यात बीळ आहे.’

आम्ही तिघींनी अंजूचे हातपाय पाहिले. दातांची खूण नाही, सूज नाही, कुठे आग नाही. अंजू स्वतः म्हणाली, ‘काही नाही झालं, मावशी. काल लय वेळ चिखलात वाकून होती, त्यानं पोटात दुखून राहिलं असन. मले झोप येऊन राहिली फक्त.’

विमलाबाईनं फोन काढला. दुसऱ्या कुठल्या घरी असती तर ती सरळ ‘साप’ म्हणाली असती. पण समोर गोदावरीबाई हात जोडल्यासारख्या उभ्या होत्या. त्या आईला दुखवायचं नाही म्हणून विमलाबाई त्या घराच्या भाषेत बोलली. ‘पोरगी वीस वर्षांची. पोट दुखते, उलटी झाली, झोप येते. घरच्यायले वाटते, पान लागलं.’

फोनमधली बाई म्हणाली, ‘पान किंवा तंबाखू खाल्ल्यानंतर त्रास सुरू झाला, अशी नोंद घेतली आहे.’

अंजू पोट धरून हसली. आम्हीही हसलो. ‘खाल्लं नाही वो माय, लागलं, लागलं!’ विमलाबाई फोनवर ओरडली. फोन थोडा वेळ गप्प राहिला. मग त्या सुरेख आवाजात, त्या छोट्या खोलीत, खणखणीत प्रश्न आला.

‘रुग्णाला साप चावला आहे का? होय किंवा नाही सांगा.’

गोदावरीबाई किंचाळल्या. लेकरासमोर नाव घेतलं गेलं होतं. त्यांनी धावत येऊन फोनवर तळवा ठेवला. ‘नाई! नाई! नाव नका घेऊ वो! नाव नका घेऊ माह्या घरात!’

फोन टिंग वाजला. त्यांनी हात काढला तेव्हा पडद्यावर हिरवा रंग होता. ‘अपचन किंवा तंबाखूमुळे मळमळ होण्याची शक्यता. पाणी द्या. आराम करू द्या. बरे न वाटल्यास संध्याकाळी पुन्हा तपासा.’

विमलाबाई पुन्हा विचारायला गेली, पण गोदावरीबाई तिला ते यंत्र परत उघडू देईनात. ‘तरी नेऊन पाहू काय जी?’ असं ती लक्ष्मणरावांना म्हणाली. लक्ष्मणराव रोवणीसाठी बांधीवर, धानाच्या शेतात, निघाले होते, मजूर ताटकळत होते. ते म्हणाले, ‘मशीननं हिरवा देल्ला न बाई? तुम्हीच त सांगता, हिरव्याले घाबरायचं नाही.’ तिचंच वाक्य होतं. आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच हिरवा हवा होता. हिरवा आला आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो.

दुपारी पोरं घरी गेल्यावर मी भिंतीपलीकडे डोकावले. अंजू पडून होती. तोंडाच्या कडेनं लाळ उशीवर आली होती. ‘अंजू, डोळे उघड बाई,’ मी म्हटलं.

‘उघडेच आहेत न, मॅडम,’ ती म्हणाली. जीभ जड झाली होती. डोळे अर्धे मिटलेले होते आणि पापण्या वर जात नव्हत्या. तिला वाटत होतं की ती माझ्याकडे बघते आहे.

मी पळत गेले, विमलाबाईला ओढत आणलं. तिनं एकदा अंजूचा चेहरा पाहिला आणि फोन तोंडाशी धरून ओरडली, ‘साप! साप चावला! साप!’ सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. विमलाबाईचा तो मोठा आवाज आम्ही शेवटचा ऐकला. फोन ताबडतोब लाल झाला. गाडी निघाली, आली. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली, पण पोरीचा श्वास बसत चालला होता आणि श्वासाचं यंत्र भंडाऱ्याला होतं. लाखनीच्या पुढे ट्रकांची रांग लागलेली. गाडीतल्या माणसानं हातानं फुगा दाबून श्वास दिला, दमला तेव्हा विमलाबाईनं दाबला. कारधा आलं, पलीकडे भंडारा दिसायला लागलं, आणि वैनगंगेच्या पुलाआधीच अंजू गेली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की रात्री घरात शिरणारा एक साप झोपेतल्या माणसाला चावतो, खूण दिसत नाही, दुखतसुद्धा नाही. सकाळीच आणली असती तर वाचली असती, हेही त्यांनी सांगितलं. कायले सांगितलं कोण जाणे.

मग चौकशी झाली. ग्रामपंचायतीत मोठे साहेब आले, गावाला बोलावलं. यंत्रात प्रत्येक बोलणं साठवलेलं असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. साहेबांनी टेबलावर स्पीकर ठेवला आणि सगळ्यांसमोर ते लावलं. आधी फोनमधल्या बाईचा प्रश्न आला. मग गोदावरीबाईंचा आवाज, ‘नाई! नाई!’ आणि मग टिंग. उत्तर मिळालं की यंत्र ऐकणं बंद करतं, म्हणून ‘नाव नका घेऊ’ त्यात नव्हतंच.

साहेब वाईट माणूस नव्हते. खाली बघूनच बोलले. ‘यंत्रानं बरोबर विचारलं होतं. घरच्यांनी नाही असं सांगितलं.’

गोदावरीबाई उठून उभ्या राहिल्या. ‘साहेब, मी त्या पुसण्याले नाही म्हटलं नाही जी. मी नावाले नाही म्हटलं.’

साहेबांना ते कळलं नाही. कळलं असतं तरी कोणत्या रकान्यात लिहिणार? लक्ष्मणरावांनी बायकोला खाली बसवलं. त्या घरात त्यानंतर नवरा-बायको एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. मला त्या दिवशी तो स्पीकर उचलून तळ्यात फेकावासा वाटला. आईचाच आवाज आईवर साक्षीला उभा करायचा, असा न्याय मी तरी कधी पाहिला नव्हता.

थोड्या दिवसांनी नागपूरहून धनंजय नावाचा मुलगा आला. यंत्र बनवणाऱ्यांपैकी होता. पोरगा सरळ होता, आमच्यासोबत खाली बसायचा, चहा मागून घ्यायचा. तो म्हणाला, चूक यंत्राची नाही, यंत्राला शिकवणाऱ्यांची आहे. त्याला इथली बोली माहीतच नव्हती. आता शिकवू. विमलाबाईच्या अंगणात बसून त्यानं शब्द गोळा केले. हातपाय गळून राहिले, जीव घाबरा होऊन राहिला, पान लागलं. आणि मग त्यानं तिच्याकडे आणखी एक गोष्ट मागितली. तिचा आवाज. परक्या बाईच्या आवाजाला लोक घाबरतात, ओळखीच्या आवाजात यंत्र बोललं तर खरं सांगतील.

तिचा मुलगा सुगत नागपूरला नोकरीला आहे. त्यानं फोनवर सांगितलं, ‘आई, देऊ नको. तू नसशीन तरी तो बोलत राहीन.’

‘बोलू दे न,’ ती म्हणाली. ‘मी त्या दिवशी बरोबर नाही बोलली. आता तो माह्यासाठी बरोबर बोलन.’ आणि ती कितीतरी दुपारी त्या मुलासमोर बसून वाक्य वाक्य बोलत राहिली. हसूनसुद्धा दाखवायचं होतं, ते मात्र तिला काही केल्या जमलं नाही. धनंजयनं कोण्या लग्नातल्या जुन्या व्हिडिओतून तिचं हसू काढून घेतलं.

नवं यंत्र या वर्षी आलं. आता ते फक्त आशांकडे नाही, ज्या घरी चांगला फोन आहे त्या प्रत्येक घरी आहे. रोवणीच्या दिवसांत रोज दिवेलागणीला ते आपणहून बोलतं. विमलाबाईचा तोच जुना आवाज, तेच हसू. ‘काय जी मावशी, जेवण झालं काय? घरी कोणाले ताप आहे काय? पान लागलं काय कोणाले?’ एका घरातून आवाज थांबला की दुसऱ्या घरातून सुरू होतो. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ‘अवं ये वो, विमला’ असं म्हणत दारापर्यंत गेले. दारात कोणी नव्हतं. गोदावरीबाईंकडे तसा फोन नाही, पण शेजारून ऐकू येतंच. विमलाबाईच्या आवाजात ‘पान लागलं काय’ सुरू झालं की त्या दिवा लावायच्या आधी दार लावून घेतात.

माझी सून हर्षा पहिलटकरीण आहे, सातवा लागलाय. पलंगावर उकडतं म्हणून ती खाली झोपते. किती सांगितलं तरी ऐकत नाही.

दरम्यान गावात एक बदल झाला, तो आधी भोजराजच्या पानठेल्यावर दिसला. तिथं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे जास्त, पण जे दोन-चार म्हातारे पान खात ते आता म्हणू लागले, ‘भोजराज, एक बांधून दे गा.’ बांधून काय द्यायचं ते बोलायचे नाहीत. मला आधी गंमत वाटली. मग लक्षात आलं की बायाही तो शब्द टाळतात. ज्या शब्दानं अंजू गेली, जो शब्द मेलेल्या पोरीच्या घराशेजारी रोज सांजेला फोन उच्चारतो, तो आता आडून घ्यायचं नाव राहिलाच नव्हता. तोच खरं नाव झाला होता.

विमलाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला कोण सांगणार? ती आली की बाया बोलता बोलता थांबतात. तिचं तोंड उघडलं की फोनच बोलतोय असं वाटतं, असं एक सून मला म्हणाली. पोरं तर तिच्या मागे तिचंच ‘काय जी मावशी’ ओरडत पळतात. म्हणून तर आधीच खाली आलेला तिचा आवाज आणखी हळू झाला.

परवा सकाळी ती अंगणवाडीत आली. मी पोरांना हात धुवायला रांगेत उभं करत होते. एक कार्टं रांग सोडून धानाच्या तणसाच्या ढिगाकडे निघालं. मी ओरडले, ‘ए, तिकडं नको जाऊ! तिकडं काडी असते!’

विमलाबाई उंबऱ्यातच थांबली. ‘काय म्हटलं तू?’

‘कुठं काय?’

‘कायची काडी, उषा?’

मी पोराला ओढून आणलं, इकडेतिकडे पाहिलं. ‘तेच वो. ते. आता तसंच म्हणतात.’

‘कधीपासून?’

‘मले काय माहीत? सगळ्याच बाया म्हणतात. काडी टोचली म्हणतात.’

तिनं पिशवीतून फोन काढला, टेबलावर पोरांच्या वाट्यांशेजारी ठेवला आणि आपल्या आत्ताच्या हळू आवाजात त्याला म्हणाली, ‘सून आहे. सातवा महिना. खाली झोपली होती. पोट दुखते, झोप येऊन राहिली. काडी टोचली.’ ती माझ्या हर्षाचंच बोलत होती. मला ते आवडलं नाही. पण तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

फोनमधून ती खळखळून बोलली, पूर्वीसारखी. ‘काडी टोचली असन त साबणाच्या पाण्यानं धुवा जी, मावशी. घाबरू नका.’ मग जरा थांबून, मायेनं, तिनं विचारलं, ‘तुमच्या सुनेले पान लागलं काय?’

माझ्या हर्षाच्या नावावर तो शब्द आला. ‘नाई, नाई! नाव नको घेऊ वो!’ मी ओरडले तेव्हा माझा तळवा फोनवर होता.

टिंग वाजलं. विमलाबाईनं माझा हात धरून हळूच बाजूला केला. पडद्यावर हिरवा रंग होता. ‘आराम करू द्या जी,’ फोनमधली विमलाबाई म्हणाली आणि हसली.

समोरची विमलाबाई माझा हात धरूनच उभी होती. तो शब्द धनंजयला कळवायचा का, असं मी तिला विचारलं. ती काहीतरी बोलली, पण मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं.

‘कळवला त तो सांजेले घरोघरी काडी म्हणन,’ ती म्हणाली. ‘मंग तुम्ही तिसरा शब्द शोधसान. अन् तो मले कोणी सांगणार नाही.’

पोरं रांगेत ओल्या हातांनी उभी होती, खिचडी मागत होती. मी वाट्या पुढे केल्या आणि त्यांना खाली बसवलं. मग पोरं विमलाबाईवर सोपवून मी घरी निघाले, हर्षाला पलंगावर झोपायला सांगायला.